सिंहाची प्रभावळ

१२ ऑक्टोबर, रविवार

कंपनीने एक जाड वही दिली आहे. रोज काय काम केलं, किती वाजता केलं, कोणतं सामान वापरलं, सगळं तीत लिहायचं आणि खाली सही करायची. पेणमध्ये एकतीस वर्षं गणपतीचा कारखाना चालवतोय, पण मी दिवसभर काय करतो हे आजवर कोणी लिहून मागितलं नव्हतं. मूर्ती चांगली झाली तर मी केली, बिघडली तर पावसाने बिघडवली, असा आमचा सरळ कारभार.

आता वहीच्या पुढच्या बाजूने कंपनीसाठी लिहीन आणि वही उलटी करून मागच्या बाजूने स्वतःसाठी. पुढे आज एकच ओळ आहे: काम सुरू नाही. मागे सांगण्यासारखं बरंच आहे.

किमया, आमची एकुलती एक, मेकॅनिकल इंजिनिअर झाली. रोह्याला धाटावच्या एमआयडीसीत पाळणे आणि राइड बनवणारी कंपनी आहे, तिथे जानेवारीपासून ट्रेनी आहे. तिथेच खोली घेऊन राहते, शनिवारी घरी येते. डिसेंबरात वर्ष भरतं. मग कायम करतात किंवा 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' देतात. तिच्या कंपनीने खांबला, हायवेच्या आत, एका नव्या पार्कासाठी रोलर कोस्टर उभा केलाय. नाव 'वनराज'. पुढच्या डब्याला फायबरचं सिंहाचं तोंड हवंय. मुंबईचा कलाकार ऐनवेळी मागे फिरला, तेव्हा किमया साहेबांना म्हणाली, "माझे बाबा करतील." बापाच्या कलेवर तिचा विश्वास आहे, असं मी धरून चाललोय. माझी बायको अनिता म्हणते, दुसरं कोणी मिळत नव्हतं.

दुपारपर्यंत सगळ्या आळीला कळलं की दत्ताशेठ रोलर कोस्टर बांधतोय. संध्याकाळी सलूनमध्ये एकाने मलाच ती बातमी सांगितली. मी दुरुस्त केली नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

खांबला जाऊन आलो.

महत्त्वाची गोष्ट आधी. मला उंचीची भीती वाटते. बारा फुटी मूर्तीचा मुकुट रंगवायला मी कारखान्यातल्या काळुरामला शिडीवर चढवतो आणि खालून सूचना देतो. सूचना चांगल्या असतात. आज त्या लोखंडी डोंगराखाली उभा राहून वर बघितलं तर चक्कर आली, आणि मी जमिनीवर होतो.

गेटवर बोर्ड आहे. आधी म्हणे 'आशियातील सर्वात उंच' लिहिलं होतं. कोणीतरी हरकत घेतली म्हणून 'भारतातील' केलं. आता 'रोहा तालुक्यातील सर्वात उंच रोलर कोस्टर' असं आहे. तालुक्यात दुसरा नाही, त्यामुळे हा विक्रम टिकेल.

"किती उंच गो?" मी किमयाला विचारलं.

"अडतीस मीटर."

"आणि जगात?"

"अमेरिकेत एकशे एकोणचाळीसचा होता, तो यंदा फेब्रुवारीत पाडला. सौदीत एकशे पंचाण्णवचा होतोय. अबुधाबीत एक आहे, ताशी दोनशे चाळीसने धावतो. त्यात लोकांना गॉगल देतात."

"ऊन लागतं म्हणून?"

"वाऱ्यासाठी, बाबा. त्या वेगात वाळू डोळ्यांत सुईसारखी जाते."

सिंहाला गॉगल लागणार नाही एवढं बरं, असं मी म्हणालो. ती हसली नाही. कामावर असली की ती हसत नाही, हे मला आज कळलं.

तिचे साहेब सुशील सर पुण्याचे आहेत, हळू बोलतात. मी त्यांना विचारलं, याला इंजिन कुठं बसवलंय.

"इंजिन नाही, दत्ताशेठ. साखळीने गाडी फक्त पहिल्या चढावर ओढायची आणि वरून सोडून द्यायची. पुढचं ती आपली आपण करते."

"म्हणजे ढकलगाडी."

"ढकलगाडीच. वर चढलेली उंची ही तिची शिदोरी. थोडी चाकांच्या घासण्यात संपते, थोडी वळणांवर, थोडी हवेत. म्हणून दुसरा चढ नेहमी पहिल्यापेक्षा बुटका. आपला चौतीसचा आहे. चार मीटर हातचे राखलेत."

मग त्यांनी चाकं दाखवली. रुळाच्या वर, बाजूला आणि खालूनसुद्धा, अशी तिन्हीकडून पकडलेली. गाडी उलटी झाली तरी रूळ सोडत नाही. पहिला चढ चढताना टक टक आवाज येतो तो खटक्यांचा. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरत नाही. एवढा विचार मी एका वर्षी विसर्जनाच्या ट्रॉलीचा केला असता, तर आमच्या आळीचा गणपती खाडीऐवजी गटारात बसला नसता.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी काल संपली, फराळ उरलाय. वहीच्या पुढे: सुट्टी. मागे: चकल्या नऊ, डॉक्टरांनी सांगितल्या होत्या दोन.

बसल्या बसल्या जुने फोटो चाळले. देवीचं वाहन म्हणून आजवर मी शेकड्यांनी सिंह केलेत. सगळ्यांचे चेहरे थोडे काळुरामसारखे आहेत.

२७ ऑक्टोबर, सोमवार

मातीचा नमुना सुरू केला. किमयाने चौदा पानांचं ड्रॉइंग पाठवलंय. सिंहाचं नाक कुठे असतं हे मला माहीत नसेल असं धरून प्रत्येक ठिकाणी आकडा घातलाय. शेवटच्या पानावर समोरून दिसणारा चेहरा आणि त्याच्या भोवती लाल रेघ. फोनवर म्हणाली, "त्या रेघेच्या बाहेर काही जायला नको हं, बाबा. आणि वजन साठ किलोच्या आत."

"रेघ कसली ती?"

"ड्रॉइंग आहे ते. मंजूर झालंय."

एकतीस वर्षं मी सोंड वितीने मोजत आलो. माझी वीत कोणी मंजूर केलेली नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

साचा निघाला, फायबर भरायला सुरुवात केली. फायबरची कूस अंगात शिरते. मी आणि काळुराम दिवसभर एकमेकांच्या पाठी खाजवतोय.

काळुराम वडखळच्या खाडीकडचा, मिठागरात पिढ्या घालवलेल्या घरातला. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. मला शेठ म्हणतो आणि अरेतुरे करतो, दोन्ही मनापासून. त्याला सिंहाचा चेहरा दाखवला आणि विचारलं, कसा वाटतो.

"वलखीचा वाटतंय," तो म्हणाला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

किमया तपासणीला आली. पट्टी, कॅलिपर, वजनकाटा, छापील फॉर्म. अठ्ठावन्न किलो भरला. सगळे आकडे जुळले. ती दर आकड्यावर बरोबरची खूण करायची आणि दर खुणेला मी अनिताकडे बघायचो. शेवटी तिने सही केली. तिची सही मी दहावीच्या फॉर्मनंतर पहिल्यांदाच नीट बघितली. मोठी झालीय.

जाताना म्हणाली, "बाबा, खरंच चांगला झालाय. आता याला हात लावू नका."

१२ नोव्हेंबर, बुधवार

हात लावला.

माझी बाजू लिहून ठेवतो. सकाळी चहा घेऊन सिंहासमोर बसलो आणि लक्षात आलं, सिंह बोडका दिसतो. तोंड उत्तम, डोळे उत्तम, पण मागे काही नाही. पेणमध्ये कोणत्याही कारखान्यात जा, मोठी मूर्ती प्रभावळीशिवाय बाहेर पडत नाही. मूर्तीच्या पाठीमागची ती नक्षीची कमान असते ना, तिच्यामुळेच मूर्तीला दबदबा येतो. तिच्याशिवाय देवसुद्धा केस कापून आल्यासारखा वाटतो. आणि हा तर वनराज.

नवरात्रातल्या देवीच्या प्रभावळीचा साचा तयार होता. त्यातून फायबरची एक काढली, सहा फूट रुंद, आणि कडेने आयाळीच्या ज्वाळा काढल्या. वजन अवघं सात किलो. सोनेरी रंग दिला. ठेवून बघितली आणि मी स्वतःच दोन पावलं मागे सरलो.

काळुराम बराच वेळ बघत राहिला. "एवरी मोठी पाठ कशाला? वारा धरंल ना ही."

"धरू दे. वारा काय आपण डब्यात भरून ठेवणार हाय?"

"मना काय," तो म्हणाला आणि पाठ खाजवायला गेला. खाडीवरची माणसं कशाचाही संबंध वाऱ्याशी लावतात.

वहीच्या पुढच्या बाजूला हे लिहिलेलं नाही. प्रभावळ माझ्यातर्फे भेट आहे. भेट कामात धरत नाहीत.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सिंह बसला. टेम्पोतून प्रभावळ उतरवली तेव्हा पार्कातली माणसं काम सोडून गोळा झाली. तिथला फिटर रितेश म्हणाला, "शेठ, एक नंबर. हीच कमी होती." त्याने चार बोल्ट मारून ती सिंहामागे घट्ट केली आणि माझे फोटो काढले. मी एक हात सिंहाच्या नाकावर ठेवून उभा राहिलो.

किमया चाकांच्या कामात होती. उद्या गाडीला नवीन चाकं बसणार आहेत, त्यांची तपासणी तिच्याकडे दिलीय. हातात काळं ग्रीस घेऊन आली. सिंहाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग "छान" म्हणाली आणि परत गेली.

एवढंच. पण आमच्या घरात कौतुकाची पद्धत नाही, त्या मानाने हे पुष्कळ झालं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज चाचणी होती. नुसत्या गाडीच्या अकरा फेऱ्या आधीच पार पडल्यात. सिंह आणि नवीन चाकांसकट ही पहिली. सुशील सर कंट्रोलच्या खोलीत होते. डब्यांत माणसांच्या जागी पाणी भरलेले प्लास्टिकचे बाहुले बसवले होते. वजनं माणसांएवढी आणि चेहरे माझ्यापेक्षा शांत.

टक टक टक करत गाडी वर निघाली. सर्वात पुढे सिंह, मागे प्रभावळ उन्हात झळाळतेय. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मी म्हणालो, "माझा आहे."

"कोण, ड्रायव्हर?" त्याने विचारलं.

गाडी वरून सुटली, खाली आली, पायांखाली जमीन हादरली. दुसरा चढ चढू लागली. हळू झाली. आणखी हळू झाली. शेंडा हातभर राहिला असताना थांबली. मला वाटलं, हे मुद्दाम केलंय, लोकांच्या काळजाचा ठोका चुकवायला. मी टाळ्या वाजवल्या. एकट्याने.

मग गाडी मागे यायला लागली. मागे गेली, पुढे आली, मागे गेली, पुढे आली, लहान मुलाच्या पाळण्यासारखी, आणि शेवटी दोन चढांच्या मधल्या खोलगटात जाऊन निवांत बसली. बाहुले तसेच शांत. सुशील सर खोलीतून बाहेर आले आणि पहिला शब्द उच्चारला तो "चाकं".

मी किमयाकडे बघितलं. ती गाडीकडे बघत होती.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

गाडी अजून खोलगटात. काढायला क्रेन येतेय.

मी अनिताला म्हणालो, काल अमावस्या होती. अमावस्येला कोणी चाचणी घेतं का? शिकलेली माणसं कॅलेंडर बघत नाहीत. मग म्हणालो, मुंबईच्या कंपनीची चाकं असतील. मग म्हणालो, बाहुल्यांत पाणी जास्त भरलं असेल. अनिता म्हणाली, "तुमची मूर्ती दुखावली की तुम्ही अशीच यादी करता. आता तर तुमचं काही दुखावलेलंसुद्धा नाय."

खरंच नाही. सिंहाला ओरखडासुद्धा नाही, रितेशने फोनवर सांगितलं. मी निश्चिंत झालो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

किमया घरी आली. सोमवारी ती कधी येत नाही.

आठच्या आठ डब्यांची चाकं खोलली आहेत. बेअरिंग बघितली, घासलं कुठे ते बघितलं. काही सापडत नाही. पण नवीन आलं ते चाकंच, आणि चाकांच्या फॉर्मवर सही तिची. पुढच्या आठवड्यात कायम करायच्या मुलांची यादी लागते. वरच्या साहेबांनी सुशील सरांना विचारलंय, ही मुलगी काम बघून सही करते की न बघता?

ती जेवली नाही. आमटीत चमचा फिरवत बसली. मग एकदम म्हणाली, "बाबा, वहीत सगळं लिहिलंय ना तुम्ही? जे केलं ते सगळं?"

"सगळं," मी म्हणालो. "पान नि पान सहीचं हाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, पोरगी घाबरलीय, थोडा धीर द्यावा, थोडं शिकवावं. म्हणालो, "गो, आपण शांतपणे बघितलं पाहिजे. चाकं नीट बघायची होतीस. माझं बघ, एकतीस वर्षांत कोणी बोट ठेवलं नाय."

ती ताट घेऊन उठली. सकाळच्या पहिल्या एसटीने रोह्याला जाते म्हणाली. अनिता माझ्याशी बोलत नाही. का ते कळत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज कळलं.

दत्तजयंतीसाठी वडखळच्या पलीकडे, अलिबाग रस्त्यावरच्या एका देवळात प्रभावळ द्यायची होती. टेम्पो मिळाला नाही. म्हणून स्कूटरवर मी आणि मागे काळुराम, त्याच्या हातात उभी धरलेली पाच फुटी प्रभावळ. वडखळ नाक्यावरून वळून रस्ता मोकळा झाला आणि समोरून खाडीचा वारा आला. मी मूठ पिळतोय, इंजिन ओरडतंय, आणि स्कूटर पुढे जाईना. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. त्याने वळूनही बघितलं.

"शेठ, थांबव. नायतर मी हिच्यासकट मिठागरात जातंय."

थांबवली. काळुरामने प्रभावळ आडवी करून बगलेत धरली, धार वाऱ्याकडे. "आता हान."

स्कूटर अशी सुटली की मीच मागे पडलो असतो.

पुढच्या वळणावर मी गाडी बाजूला घेतली आणि तसाच बसून राहिलो. काळुरामला वाटलं मला कसंतरी होतंय. होतच होतं. आमची स्कूटर ताशी चाळीसने होती. वनराज शंभरच्या घरात असतो. आणि त्याच्या प्रभावळीची रुंदी सहा फूट.

"काळुराम, तू तेव्हा मला बोललास ना, वारा धरंल म्हणून."

"बोललो."

"मग जोरात का नाय बोललास?"

"शिड हाय ते, शेठ. शिड लावलंस तर वारा भरनारच. त्याच्यात जोरात काय बोलायचा?"

देवळात प्रभावळ पोचवली. पुजारी म्हणाले, फार सुंदर. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

गेलो नाही. बीपी वाढलंय असं अनिताला सांगितलं. तिने मशीन लावून बघितलं, एकशे अठ्ठावीस. मशीन बिघडलंय असं सांगितलं.

खरं हे की, चूक माझी आहे असं वाक्य मी आजवर कोणत्याही गिऱ्हाईकाला म्हटलेलं नाही. सोंड मोडली तर रस्ता खराब, रंग उडाला तर हवा दमट. दुपारी न्हाणीघरात आरशासमोर म्हणून बघितलं. पहिल्या वेळी 'चूक आपली आहे' असं आलं. दुसऱ्या वेळी 'चूक झाली आहे'. 'माझी' हा शब्द चौथ्या वेळी आला, तोही खोकल्यासकट.

मग वही सरळ केली आणि पुढच्या बाजूला बारा नोव्हेंबरच्या तारखेखाली लिहिलं: ड्रॉइंगमध्ये नसलेली सहा फुटी प्रभावळ केली. तपासणीनंतर केली. कोणाला विचारलं नाही. खाली सही केली, आजची तारीख घातली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

अकरा वाजता धाटावला सुशील सरांच्या केबिनमध्ये होतो. त्यांच्या कपाटाला डोकं टेकून किमया उभी होती. मला बघून सरळ झाली. तिच्यासमोर बोलावं लागेल असं मी धरलं नव्हतं, पण आलेल्या माणसाने परत काय फिरायचं.

बसमध्ये भाषण तयार केलं होतं. कलाकाराचा अहंकार, बापाचं प्रेम, असं दोन्ही होतं त्यात. सगळं विसरलो. म्हणालो, "चूक माझी आहे. चाकांची नाय. मी सिंहामागे शिड बांधलं. पोरीने तपासून गेल्यावर बांधलं. काय करायचं ते मला करा, तिला नको."

वही उघडून टेबलावर ठेवली. सुशील सरांनी वाचली. मग त्यांनी एक छापलेला कागद माझ्यापुढे सरकवला. "सकाळी नऊला किमयाने दिलाय. वाचा."

त्यात लिहिलं होतं: सिंहाच्या मागे मंजूर ड्रॉइंगमध्ये नसलेला भाग बसवलेला आहे. सतरा तारखेला बसवताना मी तो पाहिला. ड्रॉइंगबाहेरचा आहे हे कळत असूनही मी काम थांबवलं नाही. चाकांत दोष नाही. खाली गणित होतं. त्या प्रभावळीने गाडीच्या शिदोरीतली साधारण अडीच मीटर उंची खाल्ली होती. उरलेली दीड चाकांना आणि वळणांना पुरली नाही.

मी कागद दोनदा वाचला. त्यात माझं नाव कुठेच नव्हतं. घर सोडल्यापासून मी स्वतःला फासावर जाणारा माणूस समजत होतो आणि इथे फास दोन तास आधीच दुसऱ्याने घालून घेतला होता.

"आणि खरं सांगायचं तर," सुशील सर म्हणाले, "मीही पाहिली होती ती. मला वाटलं, आयाळ आहे. ड्रॉइंगमध्ये असणारच. आकडे तपासत बसलो, मान वर करून सिंहाकडे नीट बघितलंच नाही."

किमयाचं कायम होणं तीन महिने पुढे गेलं. सरांनी माझ्यासमोरच सांगितलं. मी बोलायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "बाबा, त्यांचं बरोबर आहे."

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी रितेशने चार बोल्ट काढले. प्रभावळ खाली उतरताना तोही थोडा हळहळला. बोडक्या सिंहाची गाडी तीच नवीन चाकं लावून सोडली. दुसऱ्या चढावर हळू झाली, शेंडा ओलांडला आणि पलीकडे दिसेनाशी झाली. सहा फेऱ्या झाल्या. आज मी टाळ्या सगळ्यांच्या नंतर वाजवल्या.

मग किमया आणि मी नाक्यावर चहाच्या टपरीत बसलो.

"सतरा तारखेला का नाय बोललीस गो?"

"तुम्ही चार माणसांत उभे होतात. रितेश फोटो काढत होता. तुम्ही पोट आत घेतलं होतं." ती ग्लास फिरवत राहिली. "म्हटलं, आजचा दिवस राहू दे. उद्या सांगीन. उद्या चाकं आली."

"आणि चाचणीनंतर?"

"रविवारी गणित केलं. मग सोमवारी घरी आले. वहीबद्दल विचारलं ना तुम्हाला. म्हटलं, आता सांगतील."

"मला तेव्हा ठाऊकच नव्हतं गो. देवाशपथ. मला बुधवारी कळलं, स्कूटरवर."

ती माझ्याकडे बघायला लागली. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक असून गप्प आहात."

म्हणजे चार दिवस मुलगी मला लबाड समजत होती. मी फक्त मूर्ख होतो. आणि त्याच ताटावर बसून मी तिला चाकं बघायला शिकवत होतो.

"मूर्ख बरा की लबाड?" मी विचारलं.

"मूर्ख," ती म्हणाली. "पण थोड्याच फरकाने." आणि पहिल्यांदा हसली. मग रडली. टपरीवाल्याने चहाचे पैसे घ्यायला जरा वेळ लावला. चांगला माणूस असावा.

निघताना म्हणाली, "यापुढे तुमच्या कारखान्यातून आलेलं काम मी बघणार नाही, असं सांगितलं मी सरांना. त्यांनी नाही म्हटलं. म्हणाले, तूच बघायचंस."

१० डिसेंबर, बुधवार

शेवटच्या डब्याला शेपूट हवं होतं. सरांनी ते काम मलाच दिलं. हे औदार्य की देखरेख, ते अजून ठरवता आलेलं नाही. ड्रॉइंग भिंतीला चिकटवलं, प्रत्येक आकडा काळुरामकडून मोठ्याने वाचून घेतला. तो वैतागून म्हणाला, "शेठ, शेपूट हाय. परीक्षेला बसवतंस काय त्याला?"

आज किमया तपासणीला आली. अनिताने पोहे आणले, तिने "आधी काम" म्हणून बाजूला ठेवले. दारात उभी राहून फॉर्मवरचं पहिलं नाव मोठ्याने वाचलं: "पुरवठादार, दत्तात्रेय." वर बघितलंच नाही. पट्टी लावली. कॅलिपर लावला. पुन्हा लावला.

"गोंडा अठरा मिलिमीटर जास्त आहे."

"अठरा म्हणजे गो काय, करंगळीची जाडी."

"रेघेच्या बाहेर आहे."

"शेपूट मागे असतं. मागे कुठला आलाय वारा?"

"मागेसुद्धा असतो. दाखवू गणित?"

मी अनिताकडे बघितलं. अनिता पोह्यांकडे बघत होती. कारखान्यातली चार माणसं हातातली कामं थांबवून उभी होती. किमयाने लाल पेन काढलं आणि फॉर्मवर आडवं, मोठ्या अक्षरांत लिहिलं: नापास. खाली सही केली. मी नीट बघितलं.

मग कागद माझ्या हातात देऊन पोह्यांकडे वळली. मी काळुरामला कानस आणायला सांगितलं. तो म्हणाला, मी घासतो. नको म्हटलं, आणि गोंडा मांडीवर घेऊन घासायला बसलो.